चौथीतल्या तुम्ही कशा होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ३७ वर्षांच्या, नाशिकला बँकेत अधिकारी. तीन महिन्यांपूर्वी तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि चंचलता-उतावळेपणाची अवस्था, असल्याचं निदान झालं. त्याची प्रश्नावली भरताना दर दुसऱ्या ओळीशी तुमचं पेन थबकलं, कारण ते वर्णन तुमचंच वाटत होतं. त्या रात्री मोबाइलवर एक चाचणी सोडवलीत, तिनं 'शक्यता जास्त' म्हणून सांगितलं. तुमचे मिस्टर म्हणतात, हे हल्लीचं खूळ आहे, विसरायला सगळ्यांनाच होतं. शेवटी तुम्ही लिहिलंय, "मोठ्या माणसाला हे खरंच असतं का, की मी माझ्या आळशीपणाला नाव शोधतेय?"

आधी सरळ उत्तर देते. हो, मोठ्या माणसांना एडीएचडी असतं. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास पाहिले तर साधारण शंभरातल्या दोन-तीन प्रौढांना. तुम्हाला आहे की नाही, हे चार परिच्छेद वाचून मी सांगू शकत नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आळशीपणाचं मात्र आत्ताच सांगते. राहिलेलं काम उरकायला तुम्ही दुसऱ्या-चौथ्या शनिवारीही बँकेत जाऊन बसता, असं तुम्हीच लिहिलंय. आळशी माणूस सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडून फायली लावत बसत नाही. तो शब्द इथेच सोडा, कारण तो डोक्यात असेपर्यंत तपासणी नीट होत नाही. माणूस डॉक्टरांसमोरही स्वतःवर आरोपपत्र वाचत राहतो.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, पुण्यात २२ वर्षं प्रॅक्टिस करते. तुमच्यासारख्या आया आणि वडीलही मला नेहमी भेटतात. मुलाच्या तिसऱ्या-चौथ्या भेटीत, मूल बाहेर खेळायला गेलं की पर्सची चेन लावता लावता विचारतात, "मॅडम, हे मोठ्यांनापण असतं का हो?" त्यामुळे पुढचं सगळं एकट्या तुमच्यासाठी लिहीत नाहीये.

'ही लक्षणं मला आहेत का' या प्रश्नानं फारसं काही हाती लागत नाही, कारण त्या यादीतली निम्मी लक्षणं थकलेल्या कुठल्याही माणसाला लागू पडतात. विचारायचं ते असं: ही लक्षणं माझ्यात कधीपासून आहेत? आणि पूर्वीपासून असतील, तर इतकी वर्षं निभावलं कसं आणि आत्ताच का कोलमडलं?

'कधीपासून'वर एवढा जोर का, ते सांगते. एडीएचडी, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, आणि वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता ही सगळी एका कुळातली. मेंदू घडत असतानाच त्याची घडण थोडी वेगळी होते. तिसाव्या वर्षी ताण पडला म्हणून ती जडत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१३ सालचे निकष आम्ही वापरतो. त्यांत लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. लहान मुलांत यांपैकी एका गटातली किमान सहा लागतात, सतरा वर्षांपुढे पाच पुरतात. पण अट अशी की त्यांतली बरीचशी वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावीत, ती एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरी आणि कामावरही दिसावीत, आणि त्यांनी खरोखर नुकसान केलेलं असावं. पूर्वी ही वयाची अट सात वर्षांची होती. ती बारा केल्यामुळे तुमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींना दार उघडलं, कारण पहिली-दुसरीतलं स्वतःचं वागणं कुणाला आठवतं?

या अटीचं महत्त्व न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासानं मला पटवलं. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजाराहून जास्त मुलांना संशोधक मोठेपणापर्यंत पुन्हा पुन्हा भेटत राहिले. ३८व्या वर्षी ज्यांची लक्षणं एडीएचडीच्या मोजमापात बसली, त्यांतल्या सुमारे ९० टक्के लोकांना लहानपणी ते नव्हतंच. २०१५ साली हा निष्कर्ष छापून आला तेव्हा खूप वाद झाला. मोठेपणी सुरू होणारं वेगळंच एडीएचडी असतं का, इथपर्यंत. माझा स्वतःचा कल असा की फक्त आजची लक्षणं मोजली की त्या जाळ्यात नैराश्य, चिंता, अपुरी झोप, दारू असं सगळंच सापडतं. मोबाइलवरच्या चाचणीचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची जी चाचणी सगळीकडे फिरते ती चांगली आहे, मीही वापरते. पण ती चाळणी आहे, तराजू नव्हे. पुढे तपासायला हवं, एवढंच ती सांगते.

आता तुमच्या लिहिण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. तुम्ही ती ओघात लिहून गेलात. बारावीपर्यंत आई समोर बसल्याशिवाय अभ्यास होत नसे. लग्नानंतर घरातलं वेळापत्रक, गॅसचा नंबर लावणं, मुलाच्या लसी, नातेवाइकांची लग्नकार्यं हे सगळं सासूबाईंच्या डोक्यात असायचं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि त्याच सुमारास तुमच्याकडे शाखेची जबाबदारी आली. त्यानंतर सगळं विस्कटलं.

मी याला टेकू म्हणते. जुन्या वाड्याची एखादी भिंत आतून कललेली असते, पण बाहेरून टेकू दिलेले असल्यामुळे वर्षानुवर्षं उभी राहते. टेकू काढले की लोक म्हणतात भिंत अचानक पडली. मोठेपणी निदान झालेल्या माझ्या बहुतेक पेशंटांची गोष्ट अशीच आहे. (इथे दिलेल्या उदाहरणांतले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.) सांगलीकडचे एक गृहस्थ ४४व्या वर्षी आले, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. गिऱ्हाइकाशी बोलण्यात वाघ, कुठला बोल्ट कुठल्या मॉडेलला बसतो ते झोपेतही सांगतील. पण दुकान वडिलांच्या वहीवर चालत होतं. वडील घरी बसले, तेवढ्यात जीएसटी आला, दर महिन्याची रिटर्नं आली, आणि दोन वर्षांत दंडांचा ढीग. घरच्यांनी ठरवलं, बापाच्या मागे पोरगा बेफिकीर झाला. प्रत्यक्षात तो माणूस शाळेतही तसाच होता. फक्त वही कधीच त्याच्या हातात आली नव्हती.

मुलींच्या बाबतीत हे टेकू जास्त असतात आणि जास्त काळ लपतात. बाकावरून उठून पळणारा मुलगा शिक्षकांना दिसतो, त्याची चिठ्ठी घरी येते. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'वह्या अपूर्ण', 'अक्षर सुधारावे' असे शेरे येतात आणि घरात ती 'वेंधळी' म्हणून ठरून जाते. वेंधळेपणा लपवायला ती इतरांच्या दुप्पट कष्ट करायला शिकते. निघताना गॅस तीनदा बघते, प्रत्येक ठिकाणी तासभर आधी पोहोचते नाहीतर अर्धा तास उशिरा. बाहेरून सगळं ठीक दिसतं. ते ठीक दिसण्यासाठी ती काय मोजते, हे कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. पंधराएक वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे नैराश्यासाठी येत होत्या. दोन वर्षं मी उपचार केले, औषध तीनदा बदललं. उदासी कमी व्हायची, पण पेपर तपासायचे राहायचे, मुख्याध्यापकांची बोलणी बसायची आणि पुन्हा तेच. एकदा त्यांच्याबरोबर त्यांच्या आई आल्या. मी सहज विचारलं, लहानपणी कशा होत्या? आई म्हणाल्या, "अहो, चौथीत होती तेव्हा डबा, कंपास, स्वेटर, एकदा तर चप्पलसुद्धा शाळेत ठेवून यायची. मी दर शनिवारी जाऊन गोळा करून आणायचे." मी दोन वर्षं समोर बसलेल्या बाईला एकदाही तिच्या शाळेबद्दल विचारलं नव्हतं. त्यांना नैराश्य होतंच, ते खोटं नव्हतं. पण ते रोजच्या अपयशातून उगवत होतं आणि मी फक्त वरची पानं खुडत होते. तेव्हापासून माझी पहिली भेट पेशंटच्या चौथीत जाते. चौथीच का, तर ती बाराच्या आतली आहे, आणि तुमच्या वेळी स्कॉलरशिपची परीक्षा चौथीत असायची. त्या वर्षीच्या अभ्यासाच्या, रडारडीच्या आठवणी घरातल्या सगळ्यांकडे असतात.

म्हणून तुमच्या आईंना फोन करा. 'मला एडीएचडी होतं का' असं विचारू नका, त्या घाबरून 'काही नव्हतं गं' म्हणतील. विचारा, 'मी चौथीत कशी होते? दप्तर कोण भरायचं? तू अभ्यासाला समोर का बसायचीस?' आणि माळ्यावर जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर गुण नका बघू, शेरे बघा.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या बाबतीत हे एडीएचडी नसण्याचीही शक्यता आहे आणि ती मी हलक्यात घेणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी थायरॉइड सीमारेषेवर असल्याचं सांगितलंय. त्याचा पाठपुरावा करा. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, बी-१२ हे तपासून घ्या; आपल्याकडच्या बायकांत यांची कमतरता इतकी सर्रास आहे की मी त्याशिवाय पुढे जात नाही. झोप किती आणि कशी, घोरता का, सकाळी डोकं जड असतं का? बाळंतपणानंतर तुम्ही वर्षभर नैराश्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. ते परत आलंय का? आणि सासूबाई जाणं हे नुसतं टेकू जाणं नाही, ते दुःखही आहे. तुम्ही त्यांच्याबद्दल जसं लिहिलंय त्यावरून जवळीक होती असं दिसतं. दुःखातही माणूस दुधाचं भांडं गॅसवर विसरतो.

हे वेगळं कसं ओळखायचं? मी काळ बघते. नैराश्याला सुरुवात असते: 'दिवाळीपर्यंत ठीक होते, मग असं व्हायला लागलं.' एडीएचडी असलेल्या माणसाला अशी तारीख सांगता येत नाही. चिंतेत मन एकाच काळजीभोवती घिरट्या घालतं. एडीएचडीत ते कुठेही जातं, अगदी मजेच्या गोष्टीतूनही निसटतं. मूड अचानक चढून काही दिवस झोपेची गरजच वाटत नसेल, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि तिथे एडीएचडीचं औषध घाईनं दिलं तर घात होतो. अर्थात प्रत्यक्षात दोन-दोन गोष्टी एकत्र असतात. माझ्याकडे येणाऱ्यांत नुसतं एडीएचडी असलेली माणसं कमीच.

तुमचे मिस्टर विचारतात की लक्ष लागत नाही तर रात्री दोनपर्यंत क्रोशाचं विणकाम कसं होतं. हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, मुलांच्या बाबतीत क्रिकेटच्या मॅचवरून येतो. इथे लक्षाचा साठा कमी नसतो, लक्षाचा लगाम हातात नसतो. आवडीच्या, नव्या किंवा मानेवर आलेल्या कामात ते असं रुततं की निघत नाही, आणि महत्त्वाच्या पण रुक्ष कामाकडे वळवता येत नाही. मोबाइलनं हे सगळं बिघडतं, हे खरं. पण १९९७ साली तुमच्या हातात मोबाइल नव्हता.

गर्दी, मिक्सरचा आवाज, पाहुण्यांनी घर भरलं की जीव नकोसा होतो, म्हणजे ऑटिझमही असेल का, असं तुम्ही विचारलंय. आवाज-उजेड सहन न होणं एडीएचडीतही असतं आणि नुसत्या थकव्यातही, त्यामुळे तेवढ्यावरून ऑटिझम आहे असं म्हणता येणार नाही. ऑटिझममध्ये मी लहानपणापासूनचं नातं बघते: समोरच्याचा अंदाज, गंमत, आडून बोलणं कळतं का, की ते पाठ करावं लागलं? एक ४१ वर्षांचे संगणक अभियंते लग्नाच्या रिसेप्शनला जायच्या आधी गाडीत बसून 'कधी आलात, जेवलात का, मुलगी कितवीत' अशी वाक्यं घोकायचे, आणि घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. हा प्रकार तुमच्या लिहिण्यात मला दिसत नाही. तरी तपासणीत विचारा. २०१३च्या आधी ही दोन निदानं एकत्र देताच येत नव्हती, आता येतात, आणि अनेकांत दोन्ही असतात.

अध्ययन अक्षमतेबद्दल एकच सांगते, कारण तुमच्या भावाचा उल्लेख आलाय, जो 'दहावीत तीनदा नापास झाला पण मोटर उघडून दुरुस्त करतो'. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय १९९६ साली झाला, देशात पहिल्यांदा. पण नियम होणं आणि तालुक्याच्या शाळेत तो माहीत असणं यात बरीच वर्षं गेली. भाऊ आजही फॉर्म वाचायला टाळत असेल तर त्याचीही तपासणी होऊ शकते.

मुलाला तुमच्याकडून आलं का? जुळ्यांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीमधला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के दिसतो, जवळपास उंचीसारखाच. त्यामुळे मुलाचं निदान झालेलं असणं तुमच्या शक्यतेचं पारडं जड करतं, सिद्ध करत नाही. त्यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे? तुमची उंची त्याच्यात आली असती तर माफी मागितली असतीत का?

निदान झालंच तर औषधाची तुम्हाला वाटणारी भीती. भारतात मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. ते अमली पदार्थ आणि मनोप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली येतं, म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि बऱ्याच औषधदुकानांत ठेवतही नाहीत. त्यामुळे लोकांना वाटतं, व्यसनाचं औषध. त्याचा गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच कायदा कडक आहे. पण नेमून दिलेल्या मात्रेत, रक्तदाब आणि नाडी तपासत, देखरेखीखाली घेतल्यास व्यसन लागल्याचं माझ्या पेशंटांत मी पाहिलेलं नाही. ते तासाभरात काम सुरू करतं आणि काही तासांनी उतरतं. भूक मंदावणं, झोप उडणं, छातीत धडधडणं हे त्रास होऊ शकतात. हृदयाचा आजार असेल तर आधी सांगा. दुसरं औषध अॅटोमॉक्सेटिन, त्याला काही आठवडे लागतात. जन्मभर घ्यावं लागेल असं आधीच कुणी ठरवत नाही. काही जण कामाच्या दिवसांपुरतं घेतात, काहींना नकोच असतं.

औषध चष्म्यासारखं आहे, अक्षर दिसेल, पण पुस्तक तुम्हालाच उघडायचं. गेलेल्या टेकूंच्या जागी नवे टेकू जाणूनबुजून उभे करावे लागतात, आणि यात तुमची बँक माझ्यापेक्षा चांगली शिकवेल. तुमच्याकडे मेकर-चेकर असतो ना? एक जण नोंद करतो, दुसरा तपासून मंजूर करतो. अख्खी बँक माणसाच्या स्मरणशक्तीवर भरवसा न ठेवता बांधलेली आहे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग घरात मुलाच्या औषधाला, शाळेच्या फीला, वीजबिलाला चेकर का नको? दाराशी किल्ल्यांचा एकच खिळा. एकच वही, दोन नाहीत. गजर लावताना त्याला नाव द्या, नाहीतर वाजल्यावर कशाचा ते आठवत नाही. कंटाळवाणं काम करताना समोर कुणीतरी बसलेलं असावं. तुमच्या आई हेच करायच्या, आणि ते बरोबर होतं.

कुणाकडे जायचं हे तुम्ही कुठे राहता आणि खर्च किती झेपतो यावर आहे. मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दोन्ही चालतील. औषध मात्र मनोविकारतज्ज्ञच देऊ शकतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात खर्च अगदी कमी. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. भेट ठरवताना फोनवरच विचारा, 'मोठ्यांचं एडीएचडी तपासता का आणि लहानपणाचा इतिहास घेता का?' दोन-तीन भेटी लागतात. पंधरा मिनिटांत कुणी 'आहे' म्हणालं किंवा 'डिग्री घेतलीत म्हणजे नाहीच' म्हणालं, तर दुसरं मत घ्या.

बँकेत सांगायचं का, याची घाई नको. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, नुसतं एडीएचडी नाही. त्यामुळे सवलतींचा कायदेशीर आधार फारसा मिळणार नाही, आणि सांगितल्याचा फायदा होईल की तोटा हे सर्वस्वी तुमच्या वरिष्ठांवर आहे. निदानानंतर पहिले काही आठवडे हलकं वाटतं आणि मग गेलेल्या वर्षांचं वाईट वाटायला लागतं. बहुतेकांना वाटतं. ते ठाऊक असू द्या.

राहिले मिस्टर. त्यांना पटवायला लेख पाठवू नका. तपासणीला बरोबर न्या. मला तरी जोडीदाराबरोबर अर्धा तास हवाच असतो, कारण घरातलं जे तुम्हाला दिसत नाही ते त्यांना दिसतं. मी त्यांना एकच विचारते, "यांची कुठली कामं तुम्ही गुपचूप करून टाकता?" बहुतेक नवरे आधी म्हणतात, काही नाही. मग थोडं थांबून सांगायला लागतात: स्कूटरची किल्ली मीच जागेवर ठेवतो, मुलाच्या वहीवर सही मीच करतो, रात्री दार मीच बघतो. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच कळतं की सासूबाई गेल्यापासून टेकू कोण झालंय.